जस्त : चिमूटभर, पण रोज

आजच्या लेखाची सुरुवात माझ्याच एका चुकीने करतो. डॉक्टरने आपली चूक वर्तमानपत्रात सांगावी की नाही, यावर आमच्या घरी दोन दिवस चर्चा झाली. शेवटी मनाशी म्हटले, या चुकीतून चार माणसे सावध होणार असतील तर सांगितलेली बरी.

२०२३ ची दिवाळी आटोपल्यावर शेजारच्या गावचे एक शेतकरी दवाखान्यात आले. वय ६२. आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणतो. चढ चढताना धाप लागते, पायांच्या तळव्यांना मुंग्या येतात, आणि रात्री गोठ्याकडे जाताना अंधारात तोल जातो, अशी तक्रार होती. रक्त तपासले. हिमोग्लोबिन साडेसात आणि पांढऱ्या पेशी जेमतेम १,९००. एरवी त्या ४,००० च्या वर असायला हव्यात. मी लोहाच्या गोळ्या आणि बी-१२ ची इंजेक्शने सुरू केली. दोन महिने गेले, फरक शून्य. बी-१२ तपासले तर तेही व्यवस्थित. मग मात्र मी त्यांना शहरातील रक्तविकारतज्ज्ञांकडे पाठवले.

तज्ज्ञांनी एक प्रश्न विचारला, जो मी विचारायला हवा होता : “घरी कोणत्या गोळ्या घेता, त्या सगळ्या दाखवा.” तात्यांनी पिशवीतून बीपीची गोळी काढली आणि तिच्यासोबत आणखी एक पाकीट. “ही ताकदीची. कोरोनापासून सोडली नाही. आमच्या डॉक्टरसाहेबांनीच दिली आहे.” घड्या पडून फाटायला आलेली माझीच चिठ्ठी त्यांनी पुढे केली. तारीख मे २०२१ ची. त्यावर जस्ताची म्हणजे झिंकची ५० मिलिग्रॅमची गोळी, सकाळी एक, रात्री एक. किती दिवस, तो आकडा मी लिहिलाच नव्हता. त्या धामधुमीत राहून गेला. तात्यांनी अडीच वर्षे ती गोळी नेमाने घेतली.

तपासणीत रक्तातील जस्त खूप वाढलेले आणि तांबे जवळपास संपलेले आढळले. प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून घेतलेल्या गोळीनेच प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी निम्म्याहून कमी करून ठेवल्या होत्या!

हे कसे झाले? ते समजण्यासाठी आधी शरीरात जस्त काय काम करते, ते पाहिले पाहिजे.

जस्ताची ओळख

जस्त आपल्याला परके नाही. पत्र्याला गंज लागू नये म्हणून त्यावर जस्ताचा लेप देतात. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण. शेतकरी बांधवांना तर झिंक सल्फेट चांगलेच परिचयाचे. जमिनीत जस्त कमी पडले की भातावर खैरा रोग पडतो, पाने तांबूस-तपकिरी होतात, पीक खुरटते.

माणसाचेही तसेच आहे, हे जगाला दाखवून दिले डॉ. आनंद प्रसाद यांनी. ते मूळचे बिहारमधील बक्सरचे, पाटण्याला वैद्यकीय शिक्षण घेतलेले. १९५८ साली इराणमधील शिराझ येथे त्यांच्यासमोर २१ वर्षांचा एक रुग्ण आला. वय २१, पण दिसायला दहा वर्षांचा मुलगा. उंची खुंटलेली, तारुण्याची एकही खूण नाही, रक्त अतिशय कमी, यकृत व प्लीहा वाढलेली. आहार म्हणजे मुख्यतः गव्हाची रोटी, आणि शिवाय माती खाण्याची सवय. असे आणखीही रुग्ण त्या भागात होते. रक्त कमी असण्याचे कारण लोहाच्या अभावात सापडत होते, पण लोह कमी असल्याने कोणी बुटका राहत नाही. पुढे इजिप्तमध्ये अशाच तरुणांचा अभ्यास करून प्रसाद यांनी १९६३ साली दाखवून दिले की यांच्या शरीरात जस्त कमी आहे. जस्त दिल्यावर त्या तरुणांची उंची वाढू लागली, मिसरूड फुटले. १९७४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने जस्त हा माणसाला अत्यावश्यक घटक असल्याचे मान्य केले.

या हकीकतीतील एक बाब आजच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. प्रसाद यांनी नोंदवून ठेवले आहे की जस्ताअभावी खुंटलेले हे तरुण बहुधा पंचविशीपलीकडे जगत नसत, आणि त्यांचा मृत्यू जंतुसंसर्गाने होई असे दिसे. जस्ताचा आणि प्रतिकारशक्तीचा काही संबंध असावा, ही शंका तेव्हापासूनची.

सैन्यात जस्ताचे काम काय?

प्रौढ माणसाच्या शरीरात सगळे मिळून २ ते ३ ग्रॅम जस्त असते. त्यातील बहुतेक स्नायूंत व हाडांत. रक्तातील द्रवभागात असते ते हजारातला एखादा भाग. एवढ्याशा जस्तावर ३०० हून अधिक विकरांचे म्हणजे एन्झाइमांचे काम चालते. शरीरातील दर दहा प्रथिनांपैकी साधारण एकाला आपला आकार टिकवायला किंवा काम करायला जस्त लागते.

पांढऱ्या पेशी हे शरीराचे सैन्य. त्यांतील ‘टी’ पेशी म्हणजे त्या सैन्याचे नाईक-हवालदार. या पेशी छातीच्या हाडामागे असलेल्या थायमस ग्रंथीत तयार होऊन बाहेर पडतात. थायमसमध्ये थायम्युलिन नावाचे एक संप्रेरक असते, ते जस्त जोडलेले असेल तरच काम करते. जस्ताच्या तीव्र अभावात ही ग्रंथी आक्रसते आणि शिकून बाहेर पडणाऱ्या जवानांची संख्या घटते.

पुढचा भाग अधिक मनोरंजक आहे. समजा, टी पेशीला शत्रूची ओळख पटली. ही ओळख पेशीच्या बाहेरच्या भिंतीवर पटते, पण हुकूम सुटायचा असतो आत, पेशीच्या केंद्रात. म्हणजे निरोप आत जायला हवा. हा निरोप पुढे नेणारे ‘एलसीके’ नावाचे एक विकर भिंतीच्या आतल्या बाजूला दुसऱ्या प्रथिनाला अडकवलेले असते. ही अडकवणारी कडी जस्ताच्या एका कणाची आहे. कडी निखळली की निरोप्या जागेवर नाही.

इतकेच नव्हे. टी पेशी जागी होताच बाहेरचे जस्त काही क्षणांत पेशीत शिरते आणि निरोपाला जोर देते. २००७ साली जपानी शास्त्रज्ञांनी मास्ट पेशींमध्ये, म्हणजे अंगावर पित्त उठवणाऱ्या पेशींमध्ये, असेच पाहिले. पेशीला इशारा मिळाल्यावर तिच्या आतमध्येच जस्त लाटेसारखे मोकळे होते. तोवर जस्ताकडे घराची वीट म्हणून पाहिले जाई. आता कळले की जस्त स्वतःच निरोप्याही आहे, कॅल्शियमसारखा.

जस्त थोडेसेच कमी पडले तरी काय होते, हेही डॉ. प्रसाद यांनी अमेरिकेत स्वयंसेवकांवर तपासले. टी पेशी एकमेकींना जागे करण्यासाठी जी रसायने सोडतात, उदाहरणार्थ इंटरल्युकिन-२ आणि इंटरफेरॉन-गॅमा, ती कमी तयार होऊ लागली. वरवर माणूस धडधाकट, पण पहारा ढिला.

दाह : पेटवणे सोपे, विझवणे अवघड

काटा रुतला की जागा लाल होते, गरम होते, सुजते, ठणकते. यालाच दाह म्हणतात. तो शत्रू नव्हे, ती शरीराची लढाई आहे. पण लढाई वेळेवर थांबली पाहिजे. रात्री गावात चोर शिरल्याची हाकाटी झाली तर सगळे काठ्या घेऊन धावतात, ते योग्यच. पण चोर पळाल्यावर “पुरे, घरी जा” असे सांगणारे कोणी नसेल तर वाटेने जाणारा पाहुणाच मार खातो.

पेशीतील ही हाकाटी ‘एनएफ-कप्पा-बी’ नावाचे एक प्रथिन करते. ते केंद्रात गेले की दाह वाढवणाऱ्या रसायनांचे कारखाने सुरू होतात. आता गंमत पाहा. हेच प्रथिन पेशीच्या भिंतीवर ‘झिप-८’ नावाचे एक दार जास्त प्रमाणात बसवायला लावते. त्या दारातून जस्त आत येते, आणि आत आलेले जस्त हाकाटी चालू ठेवणाऱ्या विकरावर बसून त्याला गप्प करते. ही साखळी २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात स्पष्ट झाली. म्हणजे आग पेटवतानाच बंबाला निरोप धाडण्याची ही व्यवस्था आहे. ‘ए-ट्वेंटी’ नावाचे आणखी एक प्रथिन हाकाटी थांबवते. त्याच्या बांधणीतही जस्त आहे.

म्हणूनच जस्त कमी असलेल्या माणसात दोन उलट गोष्टी एकाच वेळी दिसतात. जंतूंशी लढण्याची ताकद कमी आणि दाह मात्र जास्त. ‘प्रतिकारशक्ती वाढवणारे’ असे जस्ताचे वर्णन जाहिरातीत असते, ते अर्धेच खरे आहे. जस्त निरोप पोचवते आणि आवरही घालते. त्याचे काम तोल सांभाळण्याचे आहे.

तापात रक्तातील जस्त तपासू नका

हल्ली तपासण्यांच्या ‘पॅकेज’मध्ये जस्तही असते. तापातून उठलेला माणूस रिपोर्ट घेऊन येतो : “डॉक्टर, माझे झिंक कमी आहे.” संसर्ग झाला की शरीर रक्तातील जस्त मुद्दाम काढून यकृतात नेऊन ठेवते. इंटरल्युकिन-६ या रसायनाच्या हुकमाने यकृतपेशींवर जस्ताची दारे वाढतात. दरोडेखोर आल्यावर दागिने आतल्या खोलीत हलवावेत, तसा हा प्रकार. कारण जंतूंनाही वाढायला जस्त लागते. पू झालेल्या जागी तर पांढऱ्या पेशी ‘कॅल्प्रोटेक्टिन’ नावाचे प्रथिन ओततात. ते जस्त घट्ट धरून ठेवते आणि जंतूंची उपासमार करते. तेव्हा तापात रक्तात जस्त कमी दिसले म्हणजे शरीरात ते कमीच आहे, असा अर्थ काढता येत नाही.

जस्ताचे खरे यश : मुलांचे जुलाब

जस्ताने खरी करामत कोठे केली असेल तर ती लहान मुलांच्या जुलाबात. १९९५ साली दिल्लीतील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ६ ते ३५ महिने वयाची ९३७ मुले त्यात होती. जस्त दिलेल्या मुलांमध्ये जुलाब पुढे चालू राहण्याचा धोका २३ टक्क्यांनी कमी आढळला. अशा अनेक अभ्यासांनंतर २००४ साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी संयुक्त शिफारस केली : जुलाब होणाऱ्या मुलाला ओआरएससोबत रोज २० मिलिग्रॅम जस्त १० ते १४ दिवस द्यावे, सहा महिन्यांखालील बाळाला १० मिलिग्रॅम. २०२० साली भारत व टांझानियातील सुमारे ४,५०० मुलांवरील अभ्यासात असे दिसले की ५ किंवा १० मिलिग्रॅमनेही तेवढाच गुण येतो आणि उलट्या कमी होतात.

म्हणून आईवर्गाला सांगणे : बाळाला जुलाब सुरू झाले की आधी ओआरएस. त्याबरोबर आशाताई किंवा डॉक्टर जस्ताच्या गोळ्या देतात, त्या सांगितल्या मात्रेत आणि सांगितले तितके दिवस पूर्ण द्या. जुलाब थांबले म्हणून तिसऱ्या दिवशी पाकीट फडताळात टाकू नका. आतड्याचे अस्तर भरून यायला वेळ लागतो. अंगावरचे दूध मात्र चालूच ठेवा.

आणि कोरोना?

२०२० व २०२१ या वर्षांत मीही इतरांसारखीच जस्त आणि ‘सी’ जीवनसत्त्व यांची चिठ्ठी शेकडो रुग्णांना लिहून दिली. हाताशी दुसरे फारसे काही नव्हते. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतील २१४ रुग्णांवरील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. घरीच उपचार घेणाऱ्या या रुग्णांना जस्त, सी जीवनसत्त्व, दोन्ही किंवा नुसते नेहमीचे उपचार दिले होते. लक्षणे लवकर कमी होण्यात काहीच फरक पडेना, म्हणून तो अभ्यास मध्येच थांबवावा लागला. तात्यांना मी चिठ्ठी दिली ती त्यानंतर तीन महिन्यांनी. माझ्या वाचनात तो अभ्यास तेव्हा आलेला नव्हता, हेही कबूल करतो.

ज्यांच्या शरीरात जस्त कमी आहे, त्यांना ते दिल्याने फायदा होतो. अमेरिकेतील डेट्रॉइट येथे ५५ ते ८७ वयाच्या ५० जणांवर वर्षभर केलेल्या एका छोट्या अभ्यासात जस्त घेणाऱ्यांना संसर्ग कमी झाले होते. पण भरलेल्या घागरीत आणखी पाणी ओतले तर ते सांडणारच.

तात्यांचे तांबे गेले कोठे?

पितळेच्या भांड्यात तांबे आणि जस्त गुण्यागोविंदाने नांदतात, आतड्यात मात्र त्यांचे पटत नाही. जस्त फार आले की आतड्याच्या पेशी ‘मेटॅलोथायोनिन’ नावाचे प्रथिन भरपूर बनवतात. हे प्रथिन जस्तापेक्षा तांब्याला अधिक घट्ट धरते. मग अन्नातील तांबे त्या पेशीतच अडकते. आतड्याची पेशी काही दिवसांत झडते आणि तांबे शौचावाटे निघून जाते. तांब्यावाचून लोह नीट वापरता येत नाही, पांढऱ्या पेशी तयार होत नाहीत आणि मज्जारज्जूतील नसा दुबळ्या होतात. लोहाच्या गोळ्यांनी तात्यांना गुण का येत नव्हता, ते आता ध्यानात येईल.

याच गुणाचा उपयोग औषध म्हणूनही होतो. विल्सनच्या आजारात शरीरात तांबे साठत जाते, तेथे जस्त मुद्दाम देतात. त्या रुग्णांनी हा लेख वाचून आपली गोळी बंद करू नये.

तात्यांची जस्ताची गोळी बंद केली, तांबे सुरू केले. दोन महिन्यांत हिमोग्लोबिन व पांढऱ्या पेशी जागेवर आल्या. पण पायांचा बधिरपणा पूर्ण गेला नाही. आजही ते रात्री बाहेर पडताना काठी आणि बॅटरी घेतात. रक्त लवकर भरून येते, नसा येतातच असे नाही.

ताटातले जस्त

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे पुरुषाला रोज सुमारे १७ व स्त्रीला सुमारे १३ मिलिग्रॅम जस्त हवे. गोळ्या व अन्न मिळून प्रौढाने ४० मिलिग्रॅमची मर्यादा वैद्यकीय सल्ल्याशिवाय ओलांडू नये. तात्यांच्या पोटात नुसत्या गोळ्यांचे रोज १०० जात होते.

मटण, कलेजी, अंडी, मासे, दूध यांतील जस्त सहज अंगी लागते. कोकणातील कालवांत तर ते सर्वांत भरपूर. शाकाहारी मंडळींसाठी तीळ, शेंगदाणे, काजू, भोपळ्याच्या बिया, हरभरा, राजमा, मटकी, चवळी आणि बाजरी आहे. अडचण एवढीच की धान्य-कडधान्यांतील ‘फायटेट’ जस्ताला बांधून ठेवते. शिराझच्या त्या तरुणाच्या रोटीतही हेच होत होते. यावरचा उपाय आपल्या आजीला ठाऊक होता. कडधान्य भिजवून मोड आणले, पीठ आंबवून आंबोळी-इडली केली की फायटेट कमी होते. बाजरीचे ‘धनशक्ती’ हे लोह व जस्त जास्त असलेले वाण महाराष्ट्रात २०१२ साली प्रसारित झाले आहे. भाकरी, मोड आलेल्या मटकीची उसळ आणि तिळाची चटणी हे ताट कोणत्याही ‘ताकदीच्या’ पाकिटापेक्षा स्वस्त आणि बिनधोक आहे.

लक्षात ठेवा

१. जुलाब झालेली मुले, कुपोषित मुले, आतड्याचे वा यकृताचे जुने आजार, सिकलसेल, फारच कमी खाणारे वृद्ध यांना जस्ताची गरज लागू शकते. ते डॉक्टरांना ठरवू द्या.

२. जस्ताची गोळी महिनोन् महिने स्वतःहून घेऊ नका. ‘ताकदीच्या’ दोन-तीन गोळ्या घेत असाल तर प्रत्येकीत किती जस्त आहे ते पाकिटावर वाचा.

३. काही प्रतिजैविके, उदाहरणार्थ डॉक्सिसायक्लिन व सिप्रोफ्लॉक्सासिन, जस्तासोबत घेतल्यास नीट शोषली जात नाहीत. दोन्हींत काही तासांचे अंतर हवे.

४. जस्त घेत असताना रक्त कमी होणे, पायांना मुंग्या येणे, तोल जाणे सुरू झाले तर सगळी पाकिटे घेऊन डॉक्टरांकडे जा.

५. जुन्या चिठ्ठीवर औषध घेत राहू नका. चिठ्ठीवर दिवस लिहिलेले नसतील तर विचारा : “डॉक्टर, किती दिवस?” असे विचारल्याचा आम्हाला राग येत नाही. आलाच, तर तो आमचा दोष.

‘अति तेथे माती’ ही म्हण आपण गोडधोडाला आणि दारूला लावतो, औषधाला लावायची विसरतो. तात्या आजही माझ्याकडेच येतात. मागच्या महिन्यात बीपीची चिठ्ठी हातात घेतली, चष्मा लावून वाचली आणि म्हणाले, “डॉक्टरसाहेब, दिवस लिहिलेत ना?” लिहिले होते. आता प्रत्येक औषधापुढे लिहितो.